तलावाच्या बंगल्यातलं कातडं

बुधवार, जानेवारी १९५४. दिवेलागण

बंगला शिकारीच्या बड्या पाहुण्यांसाठी बांधलेला. चांदीचे काटेचमचे, न्हाणीघरात टब. तलाव तर पलीकडचा काठ दिसू नये एवढा, समुद्रच जणू. तरी मला इथं करमत नाही. दिवाणखान्यातलं ते वाघाचं कातडं!

रोज त्याच्या जबड्यापाशी भाताचा घास सापडतो. मुंग्या येतात म्हणून मी दोनदा केरात टाकला. आज स्वयंपाकाच्या सोनाबाईंनाच तो ठेवताना पाहिलं. म्हटलं, "वाघोबाची पूजा का हो?"

"वाघोबा कायचा, बाई? माह्या मालकाचा घास हाय. याच वाघानं नेलं त्याले. मंग साहेबायनं मारला याले. पर मालकाचं जाळाले काईच नाई भेटलं. जे हाय थे इथीच हाय."

सोनाबाईंच्या नवऱ्याचा घास मी केरात टाकला. तलावात पोहून आले की ओले पायही त्या कातड्यावरच पुसायचे. बाई बघत असतील.

हे जेवायला हाक मारताहेत. इथून दारातून दिवाणखान्यातलं जेवणाचं टेबल दिसतंय: यांनी नेहमीसारखे पाय कातड्यावर ठेवलेत, आणि सोनाबाई कातड्याला वळसा घालून यांना भात वाढताहेत.