पठाण बदलल्याशिवाय गलबत पाण्यात नाही

मी, नंदा धोंडू पालशेतकर, वय ऐंशी, शिक्षण इयत्ता तिसरी, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. तसं करणारा अजून जन्मायचा आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर म्हणाले, "मनाचं लिहून देतो, जिभेचं नाही." जिभेचं त्यांना विचारलं कोणी?

घाई का, ते आधी लिहिते. माझ्या नवऱ्याचं शिडाचं गलबत, नाव 'मुक्ताई', वेळसुऱ्याच्या खाडीवर मांडवाखाली आहे. ह्यांनी त्यातून कौलं वाहिली, नारळ वाहिले. शिडाचा धंदा बसला तेव्हा गलबत वर ओढलं आणि पुण्याला येऊन मार्केट यार्डात नारळाच्याच गाळ्यावर लागले. ते गेल्यावर गलबत माझ्या नावावर झालं. माझा नातू राजस नोकरी सोडून तिथं राहिला आहे आणि ते दुरुस्त करतो आहे. परवा नारळी पौर्णिमेला तो ते पाण्यात लोटणार आणि पाहुणे बसवून उघड्या समुद्रात नेणार.

गलबताचा पठाण सडलेला आहे.

पठाण म्हणजे तळाचं, या टोकापासून त्या टोकापर्यंतचं मुख्य लाकूड. माणसाला कणा, तसा गलबताला पठाण. माझा मुलगा दिगंबर हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, पण त्याला हे ठाऊक नव्हतं. चैत्रात गलबताच्या कामावरच्या ज्ञानदेव मेस्तरीचा मला फोन आला, तो त्याने घेतला. मेस्तरी म्हणाला, "पठाण आतून सडलाय, बदलायला हवा." दिगंबरला वाटलं, कामावर कोणी पठाण आडनावाचा माणूस आहे आणि मेस्तरीचं त्याच्याशी पटत नाही. म्हणाला, "अहो, असं एकदम बदलू नका. सांभाळून घ्या. तारीख ठरलीय." मालकाकडचा निरोप म्हणून मेस्तरीने सांभाळून घेतलं. वरून राळ भरली आणि रंग मारला.

काल जेवताना दिगंबर हसत म्हणाला, "आई, तो पठाण टिकला बरं का तिथं. मेस्तरी काढायला निघाला होता, मीच वाचवला."

मी ताटावरून उठले.

लगेच राजसला फोन लावला. तो म्हणतो, "आजी, तू उगाच पॅनिक होतेयस. सगळं चेक झालंय. रंग बघ, फोटो पाठवतो."

"रंगाचं राहू दे. पठाण टोचून बघितला का कोणी?"

तो म्हणाला, "इतके लोक येतायत. आता कॅन्सल केलं तर तोंड कसं दाखवू?"

"पाण्याच्या वर राहिलं तर दाखवशील."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर उचलत नाही.

माझे वडील असेच गेले. वादळ नव्हतं, लख्ख ऊन होतं. गलबत मधोमध मोडलं आणि आम्ही सगळे किनाऱ्यावरून बघत होतो. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल कधी बोलले नाही, इथंही लिहिणार नाही.

कलम पहिले. 'मुक्ताई' माझ्यामागे नात अपूर्वा हिला मिळावी. अट एकच, पठाण नवा घातल्याशिवाय तिला पाणी लागता कामा नये. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. याने परवाचं थांबणार नाही." मी म्हटलं, "जिवंत आहे तोवर माझी, मेले की अपूर्वाची. मधे राजसची कधी होते ते दाखवा." त्या हसल्या. पण पुढं म्हणाल्या, "कागद खाडीवर कोण वाचणार?" ते मात्र खरं.

कलम दुसरे. नारायण पेठेतली जागा दिगंबर आणि सूनबाई सरोजिनी यांना समान. मृत्युपत्राची अंमलबजावणी सरोजिनीने करावी. ती मला उलट बोलते, म्हणून दुसऱ्यांनाही बोलू शकेल. मेस्तरीलोकांचे फोन यापुढे तिनेच घ्यावेत.

कलम तिसरे. ह्यांचा लाकूड तासायचा वाकस, छिन्न्या आणि फटीत कापूस ठोकायची मोगरी राजसला द्यावी. त्याचा हात लाकडावर ह्यांच्यासारखा चालतो. हे त्याला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, आधीच डोक्यात वारं शिरलंय.

कलम चौथे. माझी जाऊ तुळजाबाई हिला माझ्याकडून काही नाही. नवी नवरी असताना मी गलबतावर पाय ठेवला, तेव्हा तिने मला दंडाला धरून ओढलं आणि सगळ्या गावासमोर ओरडली, "बाई चढली की गलबत बुडतं!" माझ्या वडिलांच्या गलबतावर कुठली बाई होती? बाई चढू नये आणि विधवेने तर शिवूही नये, असं तिथले खलाशी अजून मानतात. या रूढीला मी जन्मभर शिव्या दिल्या. आता तिचाच उपयोग करणार आहे.

उद्या पहाटेच्या एसटीने मी स्वारगेटहून निघते. अपूर्वा सोबत येते आहे. शिडी लावून मी 'मुक्ताई'त जाऊन बसणार. विधवा आत बसलेली असताना वेळसुऱ्याचा एकही खलाशी दोराला हात लावणार नाही, मग पाहुणे कितीही येवोत. पठाण उघडून मला दाखवेपर्यंत मी उतरणार नाही. डबा घेतला आहे, गोळ्या घेतल्या आहेत.

कलम पाचवे आणि शेवटचे. राजसने शहरातली माणसं आणून मला आत ठेवूनच गलबत लोटलं, तर त्याने स्वतः मात्र किनाऱ्यावर उभं राहावं. आणि मला शोधायला कोणी पाण्यात उतरू नये.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचला आणि तो मला मान्य आहे. अपूर्वाला साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला मिळायचं तिने करायची नसते, म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं.

सही: नंदा धोंडू पालशेतकर

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली:
१. आमोद जोगळेकर, नारायण पेठ
२. तनुजा शिंदे, नारायण पेठ

ठिकाण: पुणे
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५