बोटीवर कावळा न्हाई

१९ नोव्हेंबर, बुधवार
मुक्काम समुद्रात

चि. अपूला आईचा आशीर्वाद. निरंजनरावांनाबी सांग. मी खुशाल हाय. तुजी खुशाली मला कोन सांगत न्हाई, पन हिंजवडीच्या त्या टावरात अठराव्या मजल्यावर दिवा लागतोय, तोवर तू बरीच असशील, असं धरून चालते.

पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून घाबरू नगं. कुनी मेलं न्हाई. मेलं त्याला वर्स झालं.

तुजी आई बोटीवर हाय. हस आता. बाजूच्या पलंगावर शेजारची साळूबाई जेवून पालथी पडलीया. पिरंगुटच्या टूरवाल्यानं बायकांचा जथा काढला, सिंगापूरवरनं बोट. एक चार दिवसांची व्हती, एक चौदा दिवसांची. आपल्या वरच्या खोलीत अकोल्याची ऋतिका भाड्यानं ऱ्हाती, कंपनीत हाय. तिनं कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, “काकू, पहिल्यांदाच जाताय, चार दिवसांची घ्या. कंटाळा आला तर उतरता येणार नाही.” म्या म्हनलं, “बाई, मी हैबतरावांबरूबर एकेचाळीस वर्सं काढली. तवा कुटं उतरता येत व्हतं?”

पन खरंच सांगते, जायचं तर लांबचंच जावं. पहिलं दोन दिवस साळी वकत व्हती आन मी तिची पाठ चोळत व्हते. तिसऱ्या दिवशी आमाला आमची खोली सापडायला लागली. तोवर लिफ्ट उघडंल तितं उतरायचो. एकदा तर गोऱ्या लोकांच्या पवायच्या हौदापाशी जाऊन उभ्या. समदी उघडीबागडी, आन मधी आमी दोघी डोक्यावर पदर घेऊन. साळी म्हनली, “जये, चल माघारी.” म्या म्हनलं, “थांब की, आल्यासारखं नीट बघून घे.”

चार दिवसांची बोट असती, तर एवढ्यात बोचकं बांधून खाली. आमचं तर पाचव्या दिवसापासनं सुरू झालं. रोज बॅग भरायची न्हाई. गाव आपल्या पायानं खिडकीपाशी येतंय, बघत ऱ्हावं. स्वैपाक न्हाई, भांडी न्हाईत. गुडघ्याचं दुखनं निम्म्यावर आलं, रोज सकाळी बोटीला चार फेऱ्या मारते. खोली आवरायला गोव्याचा एक पिकल्या मिशांचा गडी येतो, तो रोज टॉवेलाचं जनावर करून ठेवतो. एकदा माकड केलं. म्या साळीला म्हनलं, “बघ, करमंना म्हनून तुजं मालक आलं.” साळी पोट धरून हसली. मग डोळं पुसत म्हनली, “जये, तितं त्यांना कोन चा करून देत असंल गं?”

म्या माकड सोडून टॉवेलाची घडी घातली. मला तसं म्हनायला कोन न्हाई.

हितं फोनला रेंज न्हाई. साळी म्हनली, बोटीचं नेट घेऊ. म्या घेऊ दिलं न्हाई. म्हनून हे पत्र. सातवी शिकल्याली बाई हाय मी, चुका काढत बसू नगं.

आता खरं सांगते. ह्यातलं काय बी मला बोट घ्यायच्या आधी ठावं नव्हतं. म्या चौदा दिवसांची बोट घेतली, कारन चार दिवसांची बोट मला आप्पांच्या वर्सश्राद्धाच्या आधी घरी आनून सोडत व्हती.

गावात लई बोललं लोक. नवऱ्याचं वर्सश्राद्ध आन बायको समुद्रात. तुजं चुलतं गेणबा भावजी तोंडावर बोलले, “वैनी, हे शोभतंय का?” म्या थाप मारली. म्हनलं, “ह्यांची समुद्र बघायची इच्छा ऱ्हायली व्हती. तुमी हितं करा, मी तितनं पान ठेवते.” तुला तर ठावंच हाय, तुजं आप्पा धरनाच्या पान्याकडंबी पाठ करून बसायचं. पन भावजी भोळं. त्यांच्या डोळ्यात पानी आलं.

मला कावळ्याचं भ्या वाटत व्हतं, अपू.

दहाव्याला तू नव्हतीस, म्हनून सांगते. नदीवर पिंड ठेवला. कावळं बाभळीवर बसल्यालं, एक खाली उतरंना. भावजींनी हात जोडलं, “दादा, वावर इकत न्हाई.” न्हाई उतरलं. “वैनीला अंतर देत न्हाई.” न्हाई उतरलं. ऊन चढलं, मानसं चुळबुळ कराय लागली. कोन तरी म्हनलं, दर्भाचा कावळा करा आन मोकळं व्हा. तवा मी पुढं गेले. हात जोडून मनातल्या मनात म्हनलं, “सांगते तिला.” लगीच एक कावळा आला आन घास घेऊन गेला. समद्यांनी इचारलं, काय बोललीस गं? म्या म्हनलं, “म्हनलं, आजपासनं चात साखर घालीन.” तेवढ्यातबी लोकं हसली. मला हसवता येतंय. तेवढंच येतंय.

त्याला वर्स झालं. मी सांगितलं न्हाई. आता परत पिंड, परत तोच कावळा. कुन्या तोंडानं उभी ऱ्हाऊ? म्हनलं, समुद्रात कावळा नसतो.

खरंच नसतो. काल दुपारी म्या बोटीतलाच दहीभात आनून बाल्कनीत ठेवला. पंधरा मजल्यांची बोट, पन बसायला एक बाभळ न्हाई. वर मोकळं आभाळ, खाली पानी. पाखरूसुदिक न्हाई. मी खुर्ची टाकून बसले, उन्हं कलली तरी बसले. भात वाळून खडखडीत झाला. साळी आतनं म्हनली, “आता कोन येतंय जये, उचल ती ताटली.” एका मानसानं वर्सभर वाट बघितली आन त्याला तोंड द्यायला पाखरूबी मिळू नये, अशी सोय म्या करून ठेवली.

तर ऐक.

तू निरंजनरावांबरूबर गेलीस, तवा आप्पांनी घरात तुजं नाव काढायची बंदी केली. म्या तीन वर्सं पाळली. तुला फोन केला न्हाई, तुजा आला तर उचलला न्हाई. पन ते सोता रोज दिवेलागनीला गच्चीवर जायचं. म्हनायचं, टाकी भरली का बघून येतो. टाकीला बॉल बसवल्याला, ती कवाच वाहिली न्हाई. तितं हिंजवडीकडं तोंड करून उभं ऱ्हायचं. मी खालनं मुद्दाम वरडायचे, “भरली का वो टाकी?” वरनं म्हनायचं, “भरतीया, भरतीया.”

गेल्या वर्सी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी आप्पांच्या तोंडातली नळी काढली. शुक्रवार व्हता. पहिलं बोलनं, “अपूला बोलीव.”

माज्या पोटात काय आलं सांगू? राग. माजं तोंड तीन वर्सं शिवून ठेवलं, आन आता ह्यांना पाहिजे म्हनून लगीच पोरगी हजर करू व्हय? म्हनलं, दोन दिवस तरसू दे. फोन घेऊन भायेर गेले, कँटीनला चा प्याले, माघारी आले. म्हनलं, “लावला. म्हनली, सवड न्हाई.”

चेष्टा व्हती गं. डाक्टर म्हनलं व्हते सोमवारी घरी सोडतो. सोमवारी तुला दारात उभी करनार व्हते, म्हननार व्हते, बघा वो, सवड न्हाई म्हननारी कोन आलीया. समदं मनात रचल्यालं. त्यांचं तोंड कसं व्हईल, तेबी मला दिसत व्हतं.

शनवारी परत म्हनलं, “अजून एकडाव लाव. सांग, आप्पा म्हनत्यात.” म्या म्हनलं, “बघू उद्याच्याला.” त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. रविवारी सकाळी गेलं.

तू सवड न्हाई म्हनलीस, असंच समजून गेलं, अपू.

मसनवाटीत तू बायकांच्या मागं उभी व्हतीस. मला कोपऱ्यात घेऊन इचारलंस, “आई, आप्पांनी माझं नाव काढलं का गं?” हो म्हनलं असतं, तर पुढचं समदं सांगावं लागलं असतं. म्या न्हाई म्हनलं. तू मान हलवलीस आन चालायला लागलीस. तुज्या चपला हातात व्हत्या. घालायच्या इसरलीस.

लांबच्या बोटीचा फायदा इचारशील तर एवढाच. घरी दोन चेष्टा करून दिवस ढकलता येतोय. चार दिवसांच्या बोटीतबी निभलं असतं. पन नवव्या-दहाव्या दिवशी साळीला सांगायला माज्यापाशी एकबी चेष्टा उरली न्हाई, आन उतरायला जागा न्हाई. मग जे तळाला व्हतं, तेच वर आलं.

परवा बंदर लागंल, तितं हे पत्र टाकते. कदाचित माज्या मागनं पोचंल. मी घरी आल्यावरबी तुज्या दारात येनार न्हाई. माफ कर म्हनत न्हाई, तू ये असंबी म्हनत न्हाई. तेवढं मागायचं तोंड ऱ्हायलं न्हाई. दिवेलागनीला टाकी बघायला आता मीच वर जाते. भरली का म्हनून खालनं वरडायला कोन नसतंय.

आप्पांनी तुजं नाव काढलं व्हतं. दोनदा.

तुला न्हाई म्हनल्याली,
आई