जळोचीचे सोळा गुंठे आणि एका मंगळवारची हजेरी

मी, ताईबाई ज्ञानू सरवदे, वय ६८, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार जळोची, ता. बारामती, जि. पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाकदपटशा केलेला नाही, नशापाणी तर जन्मात नाही. बिघडलंय ते हृदय, आणि सोमवारी पुण्यात त्याचं ऑपरेशन आहे. "आई, कशाला असलं अभद्र लिहितीस?" असं माझा मुलगा विकी दारातून दोनदा म्हणून गेला. त्याला दार लोटून घ्यायला सांगितलं आहे. याआधीचं मृत्युपत्र म्हणून कुणी कागद पुढं केला, तर तो रद्द समजावा.

१. राहतं घर भांड्याकुंड्यांसह विकीला. तो लोणी देवकरला कारखान्यात कामाला आहे, एकुलता आहे, मनाने चांगला आहे, फक्त शेवटी भेटलेल्या माणसाचं ऐकतो. त्याला माझ्याकडून याहून जास्त काही मिळणार नाही. का, ते पुढं येईल. त्याने पूर्ण वाचल्याशिवाय भांडायला उठू नये.

२. रक्तदाबाचं मशीन, साखर तपासायचं मशीन आणि शिट्टी वॉर्डातल्या आशाताईंना. पांढरे बूट कुणाला देऊ नयेत, पार झिजले आहेत. नऊवारीवर बूट घातले म्हणून जे लोक मला हसले, त्यांतले तिघे पुढं साखरेच्या गोळ्या खिशात घालून माझ्याच मैदानात फेऱ्या मारताना दिसले. माझा राग तिथंच फिटला. मोहनराव, तुम्ही त्यांतलेच एक. साक्षीदार म्हणून मुकाट सही करा.

३. जळोचीतले सोळा गुंठे. ही जमीन मी निवृत्तीच्या फंडातून घेतली, स्वकष्टार्जित आहे, वाडवडिलांचा संबंध नाही. सुरुवातीला साखर असलेल्या अकरा बायका होत्या. डॉक्टर त्यांना म्हणायचे, चाला. चालायचं कुठं? रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, कुत्री, आणि पारावर बसून बघणारे रिकामटेकडे. म्हणून मी पीक न घेता रानावर रोलर फिरवला आणि सांगितलं, रोज संध्याकाळी पाऊण तास. त्याची मोहीम झाली. बारामतीच्या वॉर्डावॉर्डांत जागा ठरल्या, हजेरीच्या वह्या आल्या, शिंपी, मास्तर, बँकेतले साहेब, भाजीवाल्या, सगळे चालायला लागले. इंदापूरहून बोलावणी आली. लोक "जेवला का?" ऐवजी "पाऊण तास झाला का?" विचारू लागले. मला त्याचा फार अभिमान होता.

विकीला तिथं खाली गाळे आणि वर जिम काढायची आहे. "मशीनवर चालतील की लोकं, एसी लावू." आरं बाबा, मशीनवर चालून माणूस हाय तितंच ऱ्हातो. त्याच्या भीतीने मी जमीन आमच्या चालण्याच्या मोहिमेच्या संस्थेच्या नावे करायचा, मैदान कायम खुलं ठेवायचा कागद वकिलांकडून करून घेतला होता. तो बुधवारी फाडला. कारण असं.

४. बनाबाई सोपान झगडे ही माझी मैत्रीण. वांगी-भेंडी करायची, मंडईत बसायची. पहिल्या अकरांतली. साखर तीनशेच्या पुढं. २०२२ साली वॉर्डांची स्पर्धा लागली: चाळीस दिवस एकही नाव गैरहजर नको. शेवटचा दिवस १३ सप्टेंबर, मंगळवार. बाकी बायका फेऱ्या संपवून फोटोसाठी चौकात गेल्या, तेव्हा ती आली.

"ताईबाई, आज अंगात त्राण न्हाय गं. आज सोड की."

"एक नाव गळालं की आख्खा वॉर्ड गळाला. गोळी घेतलीस?"

"घेतली की सकाळी."

"मग चाल."

पाऊण तासात दहा फेऱ्यांचा नियम होता. आठ झाल्या तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता, हात कापत होते, काहीबाही बोलत होती. साखर एकदम उतरल्याची ही लक्षणं मी शंभर बायांना पाठ करायला लावलेली. आणि मी म्हणाले, "नखरं करू नगं, बनाबाई." ती हसली, चार पावलं टाकली आणि पडली.

मला वाटलं, हृदयाचा झटका. पिशवीत ग्लुकोजची पुडी होती आणि मी छाती दाबत बसले. रिक्षात घातल्यावर तिने डोळे उघडले. म्हणाली, "चंद्र उगवला का गं?"

अजून उजेड होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगारकी! दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही, गोळी मात्र नेमाने घेतलेली. मी पुडी फोडली. तिला गिळता आलं नाही. दवाखान्याच्या दारात ती गेली.

आमच्या सासऱ्यांनी ५६ साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात उपवास नाहीत. कॅलेंडरातल्या चतुर्थीकडे माझी नजर कधी गेलीच नाही. ही सबब म्हणून सांगत नाही. निम्मा वॉर्ड चतुर्थी धरतो, आणि अठ्ठावीस वर्षं त्यांच्या घरांत जाऊन साखर मोजणाऱ्या बाईने "जेवलीस का?" एवढं विचारायला हवं होतं.

डॉक्टरांना मी सांगितलं, छातीत दुखत होतं. घरच्यांना सांगितलं, मंडईतून येताना रस्त्यात पडली. वहीत लिहिलं, गैरहजर. वॉर्ड हरला. मोहीम बंद पडेल, बायका परत घरात बसतील, म्हणून गप्प बसले असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मला माझं नाव जाईल याची भीती होती. नंतर मी उपवासाच्या तारखा फळ्यावर लिहू लागले, तेव्हा आमच्याच वस्तीतले लोक हसले. हसू दिलं.

५. म्हणून हे सोळा गुंठे मी बनाबाईची सून रोहिणी अविराज झगडे हिला देत आहे. मैदान खुलं ठेवावं, अशी अट घातली होती, ती काढली आहे. तिने भेंडी लावावी, कुलूप घालावं, विकीला विकावं, तिची मर्जी. रोज चालायला येणाऱ्यांनी तिच्यावर दबाव आणू नये. हे लिहिताना जीव तुटतो, पण लिहिलं आहे.

सही करण्याआधी रोहिणीला बोलावून, दोन्ही साक्षीदारांसमोर हे सगळं वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, "जाताना आत्याबाई येवढंच म्हनल्या, चंद्राचं?"

"एवढंच."

विकी दारात येऊन उभा होता.

"जमिनीचं मी घरी इचारून सांगन," रोहिणी म्हणाली. "तुमी आधी ती वही काडा, मावशी."

वही काढली. १३ सप्टेंबर, बनाबाई सोपान झगडे. 'गैरहजर' खोडून 'हजर' लिहिलं.

"किती फेऱ्या, ते बी लिवा."

लिहिलं. फेऱ्या आठ. खाडाखोड माझी आहे, शेजारी सही केली आहे.

ठिकाण: जळोची
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: ताईबाई ज्ञानू सरवदे (सही)

ताईबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. मोहनराव गणपत देवकाते (सही)
२. ॲड. बुद्धभूषण भीमा सोनवणे (सही)