झोळीची गाठ

आई, तुझी गोधडी काल पुन्हा टांगली. वडिवळ्याच्या धरणाकाठी, दोन झाडांच्या मध्ये, तुझ्या नातीच्या पाठीखाली. तिने हॅमॉक आणलाय, म्हणजे हौसेने बाहेर झोपायची कापडी झोळीच. आत कितीही अंथरलं तरी ते अंगाखाली दबतं आणि वारा पाठीला लागतोच, म्हणून पांघरूण झोळीच्या बाहेरून, खाली टांगायचं असतं म्हणे. तळेगावच्या घरी बसून तिने तुझ्या गोधडीच्या दोन्ही टोकांना नेफे शिवले, नाडी ओवली. "आजीची ऊब," म्हणाली. मी मशीनजवळ नुसता उभा होतो.

तिला काय सांगणार? गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये म्हणून मावशी माझ्यावर केवढी ओरडली होती. "टाकून ये ती, आदुगर टाकून ये!" मी धुतली आणि माळ्यावर लपवली. तू गेलीस त्या थंडीत आपल्या वरच्या वाडीला रस्ता नव्हता. तुला दवाखान्यात न्यायला याच गोधडीची झोळी करून बांबूला बांधली. पुढे मामा, मागे शेजारचे आबा, आणि मी बाजूने चालतोय, तुला दगड लागू नये म्हणून तळहात खाली धरून. गाठी मीच मारल्यात. तू म्हणतेस, "आरं, पाटीला लय गार लागतंय रं." मी म्हणतो, "हात हाय माजा खाली, आये." तुझा श्वास हाताला कळत होता. उतारावर कुठेतरी तो कळेनासा झाला. मी हात काढला नाही आणि कुणाला काही बोललोही नाही.

काल गाठी मारल्या त्या तशाच, माणूस पेलतील अशा. पोरगी हसली. "बाबा, एवढी ताणू नका हो. हिच्यात कुणी बसणार नाहीये. वजन वरचा हॅमॉक घेतो, हिने नुसतं पाठीला टेकून राहायचं." मला रागच आला. "तुला काय कळतंय गाठीतलं," म्हणून खेकसलो. मग मीच नाडी सैल केली, पण हिने वजन घ्यायचं नाही हे माझ्या हातांना काही केल्या पटेना. पोर वर आडवी झाली तेव्हा भीती वाटली गं मला. ऊठ, म्हणावंसं वाटलं.

सकाळी उजाडलं तरी ती झोपलेलीच. मी वाकून गोधडीखाली तळहात धरला. गोधडी उबदार होती. पोरीच्या श्वासागणिक हाताला हलकेच टेकायची, सुटायची, पुन्हा टेकायची. किती वेळ तसा वाकून राहिलो कोण जाणे. तिने डोळे उघडले. "काय करताय बाबा?"

"दव पडलंय का बघतोय," म्हणालो.

हे पत्र त्या गोधडीच्या घडीत ठेवावं असं मनात होतं. पण घडी पोरीने घातली, आपल्या सॅकमध्ये भरली, आणि मला ती परत मागवत नाही.