धारगळची डिश सरकते

४ ऑक्टो.
भाईंची टीव्हीची डिश पुन्हा सरकली. धारगळला त्यांच्या हॉटेलच्या गच्चीवर मे महिन्यात मी बसवलेली. माझी पहिली. ही तिसरी तक्रार. डिश मोटरने फिरते; कंट्रोलरवर चॅनलच्या जागेचा आकडा २१४, चित्र मात्र २०९ वर. भाईंच्या बायकोने, वहिनीने, चहा ठेवताना टोमणा मारला, "बाय, तुजी डिश आमचे सुनेसारकी. सांगलेल्या जाग्यार रावना." आकडे बदलून दिले. ही दुरुस्ती नव्हे.
घरी वास्कोचं पत्र. बंदरातल्या कंपनीत नोकरी, वायरलेस विभाग. एकतीसपर्यंत होकार कळवायचा.

६ ऑक्टो.
बाबांना पत्र दाखवलं. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत राळ भरत होते. "बरी नोकरी," एवढंच. पुढची खोली त्यांनी माझ्या दुकानासाठी रिकामी केली आहे.
ठरवलं. डिश जागेवर राहिली तर इथेच दुकान. नाही तर वास्को. आपलं पहिलं काम पाच महिने टिकत नसेल तर लोकांकडे दुसरं मागू नये.

९ ऑक्टो.
खांब आणि त्यावरचा पट्टा, दोन्हींवर मिळून पेन्सिलीची एक रेघ, पट्टा घसरतो का ते कळायला. तीन दिवस डिश हलवायची नाही, एकच चॅनल, असं भाईंना सांगितलं. "गिरायकां म्हाका खातलीं." मग, "बरें. तू सांगता म्हणून."

१२ ऑक्टो.
रेघ जुळते. चित्र तीन दिवस स्वच्छ. खांब निर्दोष.
मग डिश दहा वेळा पूर्व-पश्चिम फिरवली. सातचा फरक.
म्हणजे फिरवली तरच बिघडते. दोष मोजणीत. मोटरच्या फेऱ्या आतला छोटा स्विच मोजतो आणि कंट्रोलरला कळवतो. काही फेऱ्या कळतच नाहीत. वायर, नाही तर स्विच. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

१४ ऑक्टो.
म्हापशाहून नवी वायर आणली, मोटरच्या वायरीपासून लांब टाकली. दहा फेऱ्या. फरक सात.

१५ ऑक्टो.
मोटरची पेटी उघडली. झाकण निघेना. सांध्यांत राळ. सुरीने खरवडून काढली, झाकण सुटलं तसं अर्धा पेला पाणी हातावर. स्विच गंजलेला.
मेमध्ये डिश उचलायला बाबा आले होते. "पावसांत भिजतली ही," म्हणून पेटी त्यांनी राळ-तेलाने होडीसारखी बंद केली. तळाचं भोकसुद्धा. मी शिडी धरून उभी होते. किती सफाईने भरतात, असं मनात आलं होतं. होडीत पाणी बाहेरून येतं. बंद पेटीत ते वाफेतून आतच साठतं, त्याला बाहेर पडायला भोक हवं. हे मी डिप्लोमाच्या पेपरात लिहिलंय.
भाईंनी विचारलं, कितें जालें? माझी चूक, म्हटलं. बाबांचं नाव घेतलं नाही.

१७ ऑक्टो.
बाबांना अजून सांगितलं नाही. नवा स्विच मिळाला. परस्पर बसवून टाकता येईल. त्यांना कळणारही नाही.
पण पुढच्या डिशला ते पुन्हा राळ घेऊन येतील.

१८ ऑक्टो.
सांगितलं. बाबांनी हातातली राळ खाली ठेवली. मग,
"तळाक भोंक दवरपाचें?"
"हो."
"आनी तुका तें खबर आशिल्लें?"
"हो."
"मगे तेन्ना तोंड कित्याक धरून रावलें?"
मी नवा स्विच पुढ्यात ठेवला.
बाबा गिरमीट शोधायला उठले. "हांवें भरलां, हांवच काडतलों. केदें?"
"चार मिलिमीटर."
"तें म्हाका सांगूं नाका. तांदळाएदें काय चण्याएदें?"
मुगाएवढं, म्हटलं.

२१ ऑक्टो.
दोघं धारगळला. बाबांनी भोक मोकळं केलं, फुंकून पाहिलं. मी स्विच बसवला. वरच्या सांध्यांना त्यांचीच राळ पुन्हा भरायला लावली. तिथे ती हवीच.
दहा फेऱ्या. फरक शून्य. आणखी दहा. एक.
वहिनी बाबांना म्हणाली, "मेस्त, चेडवाक वास्को धाडूं नाका. आमची डिश कोण पळयतलो?" वास्कोचं मी तिथे कुणाला सांगितलेलं नाही. बाबा चहात पाव बुडवत राहिले.

२८ ऑक्टो.
धारगळ. आठवडाभर भाईंच्या गिऱ्हाइकांनी डिश हवी तशी फिरवली. फरक अजून एकचाच, वाढलेला नाही. माझ्या आकडा वाचण्यातला असेल. नसेलही.
निघताना मांद्र्याचा एक माणूस थांबला होता. त्याचीही सरकते. कधी येशील? मंगळवारी, म्हटलं.
घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. मंगळवार दोन तारखेला आहे, एकतीस उलटल्यावर.
वास्कोला अजून काही लिहिलेलं नाही.