समोरचा काठ

सोमवार, सकाळ

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी मागे घेत नाही. पण फोन उचलायला तुझी बोटं झडली का? दर वेळी तुझी बायको सांगते, "ते मीटिंगमध्ये आहेत, ताई." रविवारी कसली रे मीटिंग? म्हणून हे पत्र. माझं अक्षर लागत नसेल तर तिच्याकडून वाचून घे. तिलाही कळू दे.

इकडे ठीक. गुडघा दुखतो म्हणून मी कामावर जात नाही. तुझे दाजीही घरीच. लाँच बांधून ठेवली आहे. जेवतात म्हणजे ताटाकडे बघत बसतात. काल म्हटलं, "अहो, हवामानाचा अंदाज बारक्याच्या ऑफिसचा चुकला, तुमचं काय?" तर म्हणाले, "काठ दिसत नव्हता. तरी मी गेलो. होडीतला म्हातारा माझ्या लाँचखाली गेला. पोराला कशाला ओढतेस?"

पोराला! अजून पोरच आहेस तू त्यांचा.

समोरचा काठ दिसल्याशिवाय त्यांनी कधी दोर सोडला नाही. त्या सकाळी सोडला, कारण तुमचा कागद आला होता: धुरकं विरेल, हजार मीटर दिसेल. धुरक्यात लाँचमध्ये बसायला लोक कुरकुरत होते, तर हे ऐटीत म्हणाले, "मेव्हण्याचा अंदाज आहे, बसा."

आणि मला फोनवर रडत काय सांगितलंस? कॉम्प्युटर दोनशेच मीटर दाखवत होता. भट्ट्यांचा धूर, वर दमट हवा. धुराचे कण फुगतात आणि सगळं पांढरं होतं, हे तुला ठाऊक होतं. पण आदल्या आठवड्यात तू लाँच बंद ठेवायला लावलीस आणि लख्ख उजाडलं. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं. म्हणून या वेळी आकडा वाढवलास. वर म्हणालास, "ताई, दाजींना सांगू नकोस."

नाही सांगितलं. आता पोटात राहत नाही.

न्हाणीघराची आतली कडी मी काढून टाकली. गंजली होती. लाँचवरचा जादा दोर माझ्या पलंगाखाली आहे. गुडघ्याला काही झालेलं नाही, बारक्या. यांना एकटं सोडून उंबऱ्याबाहेर जायची छाती होत नाही.

शुक्रवारी चौकशी आहे. हे सगळं आपल्याच अंगावर घेणार. तू ये, आणि आकडा कुणी बदलला ते त्यांच्यासमोर बोल. नोकरी गेली तर बायकोपोरांना घेऊन इथे ये, मी खाऊ घालीन. नोकरी दुसरी मिळते रे.

येतोस की नाही ते गुरुवारी दिवेलागणीच्या आत कळव. नाही कळवलंस तर शुक्रवारी मी उभी राहून बोलेन.

तोवर तरी तुझीच,
ताई