खायचं टमाटं, बाटलीचं टमाटं

आत्याबाई,

आज नातवानं सॉसची बाटली उलटी धरून बुडावर थापट्या मारल्या, तरी सॉस खाली येईना. मला एकदम हसू फुटलं. सांगलीच्या या घरात कुणाला कळलं नाही मी का हसले ते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला कळलं असतं. तुमच्या चुलीवर तुमच्या सुनेनं केलेला पहिला सॉस पळीवरसुद्धा ठरत नव्हता.

एकाहत्तरची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. हे रजेवर आले आणि मिलिटरीच्या मेसमध्ये भज्यांबरोबर मिळतो तसा सॉस घरी कर म्हणाले. मी कराडची, महिला मंडळाच्या वर्गात सॉस शिकलेली, म्हणून मोठ्या ऐटीत हो म्हणून बसले. पण वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं लांबट टमाटं, जाड गराचं, कमी बियांचं. पलूसजवळच्या आपल्या मळ्यात मात्र फक्त तुमचं गावठी. बसकं, चुण्याचुण्यांचं, दाताखाली धरलं की रस कोपरापर्यंत. त्याचं बी तुम्ही तासगावकडच्या माहेराहून आणलेलं. शाळूच्या भाकरीवर ते मुठीनं फोडायचं, वर मीठ आणि शेंगदाण्याची चटणी. खायला त्याच्या तोडीचं टमाटं मी अजून पाहिलेलं नाही. पण सॉसला? मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तर तुम्ही परातभर टमाटी कच्चीच कुस्करून चाळणीतून काढायला बसला होतात, आणि चोथा न्हाणीमागं केळीच्या बुडात फेकत होतात. आधी शिजवायचं असतं, हे नव्या सुनेनं सासूला कसं सांगायचं? मी पातेलं चुलीवर चढवलं आणि ढवळत राहिले. दुपार झाली, हात भरून आले, पातेल्यातलं पाणी काही आटेना. तुम्ही पळीनं थोडं वर घेतलंत आणि पुन्हा सोडलंत.

"ह्ये सार हाय गं पोरी. घाल लसणाची फोडणी, भातावर घिऊ."

सगळे भुरके मारून जेवले. मला रडू येत होतं. पुढच्या खेपेला वडिलांनी कराडहून लांबट टमाट्याच्या बियांची पुडी आणून दिली, तर तुम्ही ती हातातसुद्धा घेतली नाहीत. "माज्या वाफ्यात दुसरं टमाटं न्हाई लागायचं," एवढंच म्हणालात. पुडी माझ्या ट्रंकेत गेली आणि मी कितीतरी दिवस धुसफुसत होते, खोटं कशाला बोलू?

तुमचं बी चुलीमागच्या भिंतीवर असायचं. चांगल्यात चांगल्या फळाचं बी राखेत घोळून, शेणात कालवून तुम्ही त्याच्या लहान लहान थापट्या भिंतीला चिकटवायचात. धुरानं कीड लागत नाही म्हणायचात. त्या पावसाळ्यात अशी झड लागली की अंगणातल्या जळणाच्या सगळ्या शेणी भिजल्या. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण ते कबूल कराल तर तुम्ही कसल्या! एका सकाळी चूल पेटेना, तेव्हा भिंतीवर हाताला लागलं ते कोरडं शेण ओढून तुम्ही चुलीत सारलंत. मी आत आले तर भिंत मोकळी. "आवं आत्याबाई, बी कुठं हाय?" तुम्ही भिंत चाचपलीत. मग हळूच चुलीकडं वळलात.

तुम्हाला असं मटकन बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "माज्या आईचं बी हुतं गं," म्हणालात. गावात ते दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि तुमच्या माहेरी सगळीकडं द्राक्षं लागली होती. थोड्या वेळानं तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. "काढ तुजी पुडी. लाव समदा वाफा." मला हवं होतं तेच तुम्ही देत होतात, आणि ते मला घेववेना. मी ट्रंक उघडलीच नाही.

मग एक दिवस केळीचं पान कापायला मी न्हाणीमागं गेले. तिथं भांड्यांच्या पाण्यावर रोपांचं रान माजलेलं. एका रोपाचं पान चुरगळून वास घेतला, टमाट्याचाच, आणि चिखलात उभी राहून ओरडले, "आत्याबाई, या हिकडं! आदी या!" तुम्ही आलात, वाकलात, देठावरची लव बोटांनी चाचपलीत. तुम्ही टमाटी कच्चीच चाळली होतीत म्हणून चोथ्यातलं बी जिवंत राहिलं होतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर सगळं शिजून गेलं असतं. "फळ यिऊ दे, मग बोलू," तुम्ही म्हणालात, पण आवाजातलं ओझं उतरलं होतं. माझंही.

फळ आलं, चुण्यांचंच आलं. तोवर तुम्ही स्वतःच वाफ्याच्या मधोमध बांध घालून दोन्ही टमाटी लावून घेतली होतीत. "ह्ये खायाचं, त्ये बाटलीचं." त्यानंतर बियांच्या ओल्या थापटीवर तुम्ही काकण दाबायला लागलात, डोळ्यांनी दगा दिला तरी बोटांना कळावं म्हणून. माझ्या गच्चीवर अजून तुमचं टमाटं लागतं. शेण मिळत नाही, मी मातीत थापते, पण काकण दाबते. दर साली पहिलं रोप वर आलं की हायसं वाटतं, जणू आताच चुलीतून वाचलंय.

लांबट टमाट्याच्या सॉसची पहिली बाटली ह्यांच्याबरोबर छावणीत गेली. त्यांचं पत्र आलं ते नेहमीसारखं मीच तुम्हाला वाचून दाखवलं. सॉस झकास झाला, नव्या टमाट्याची करामत, असं त्यात होतं. तुम्ही माझ्याकडं बघून मान डोलावलीत. आत्याबाई, त्या पातेल्यात तुम्हाला न सांगता मी तुमची गावठी टमाटीही घातली होती. नुसत्या लांबट गराला चवच येईना. आजही मी ती घातल्याशिवाय सॉस करत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही असतात तरी ते मीच वाचून दाखवलं असतं, आणि एवढं मात्र गाळलं असतं.